हात सोडवणारे आठवले काका

आठवले काकांचा कुणाला धक्का लागला की ते तीन भाषांत चौकशी करतात. "लागलं का? लगा क्या? लागलो नाकि?" समोरचा कुठला, हे कळेपर्यंत थांबायचा धीर त्यांच्यापाशी नाही. एकदा मेट्रोत खांबावर आपटले, तर खांबालाही विचारून मोकळे झाले.

असा माणूस ऐकिडो, म्हणजे जपानी झटापटीची विद्या, शिकायला येतो.

मीही तिथे नवखीच. मी सोलापूरची. आई लोकांची धुणी धुवायची, मी शेजारी बसून चादरी पिळायचे. त्याच हातांनी बी.कॉम.चे पेपर लिहिले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी न विचारताही सांगते. बँकेने कोलकात्याला धाडलं. संध्याकाळी खोलीत जीव रमेना म्हणून डमडमच्या या क्लासला नाव घातलं. तिथे मराठी बोलणारे एकटे काका. जन्म इथलाच, नोकरी खिदिरपूरला कस्टममध्ये, आता निवृत्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मनगट पुढे केलं.

"धर. घट्ट. लाजू नकोस."

मी चादर पिळायच्या जोराने धरलं.

"वा! बाकीचे भाजी निवडल्यासारखे धरतात."

बाकीचे पडायला, पाडायला शिकत. काकांना एकच हवं होतं: धरलेलं मनगट सोडवायचं, पण धरणाऱ्याला कळ येता कामा नये. हात सुटायचा, माझा अंगठा मुरगळायचा.

"दुखलं?"

"थोडं."

"मग नाही जमलं. पुन्हा."

"मेशोमोशाय, अब किसी को गिराइए भी," शिकवणारे दादा वैतागत. मेशोमोशाय म्हणजे बंगालीत काकाच.

"पाडलं तर उचलायचं कुणी?" काका मला मराठीत विचारत.

एका जागी उभं राहणं त्यांना ठाऊक नव्हतं. येरझाऱ्या, घड्याळ, परत येरझाऱ्या. क्लास अर्ध्यावर असतानाच एक मोजा पायात, एक खिशात, असे जिना उतरत. "आया जायची वेळ झाली." नातवंड असेल, असं मी धरून चालले.

एकदा मात्र सरळच विचारलं, "काका, कुणाच्या तावडीतून सुटायचंय? पोलिसांत जाऊ या."

काका पहिल्यांदाच खाली बसले.

"तुझ्या काकूच्या."

काकूंना आता माणसं ओळखू येत नाहीत. आया त्यांच्यासाठीच. भीती वाटली की त्या काकांचं मनगट धरतात आणि सोडत नाहीत. दूध उतू जातं, दाराची बेल वाजत राहते. "परवा मी हिसका दिला. तिची बोटं सुजली. रडली नाही गं. नुसती माझ्याकडे बघत राहिली, चोराकडे बघावं तशी."

दादांना मी सगळं सांगितलं. त्यांनी बाकीचा वर्ग थांबवला. ओढायचं नाही, म्हणाले. ती जिकडे ओढते तिकडेच जायचं, आणखी जवळ, मग अंगठ्याच्या बाजूने हात अलगद वळवायचा. त्या दिवसापासून आम्ही दुसरं काही केलंच नाही.

एका रविवारी काकांनी घरी बोलावलं. काकू पलंगावर बसलेल्या, काकांचं मनगट मुठीत. कुकरच्या शिट्ट्या थांबेनात. काका ओढून उठले नाहीत. उलट त्यांच्याकडे सरकले, खांद्याला खांदा लागेपर्यंत, आणि हात वळवला. मूठ उघडली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, तशाच बघत राहिल्या.

काकांनी गॅस बंद केला. परत येऊन तिथेच बसले आणि काकूंच्या उघड्या पंजावर आपलं मनगट ठेवलं. बोटं मिटली.

काकांना अजून कुणाला पाडता येत नाही. हात सोडवता येतो, आणि काकूंना दुखत नाही.