शेवडेकाका मराठीत काय म्हणाले

शेवडे वकील समोरच्या माणसाबद्दल त्याच्या समोरच, त्याला न कळेल अशा भाषेत बोलत. आवाज न बदलता, चेहरा न हलवता, एकाच वाक्याच्या पोटात.

"आइए ठाकुर साब, बैठिए, धूप बहुत है आज, हा थापा मारायला आलाय, तोंडाकडे नको, बोटांकडे बघ, चाय लेंगे न?"

ठाकूरसाहेब "ले लेंगे" म्हणत. त्यांना वाटे, मधलं काहीतरी कायद्याचं असावं.

मी त्यांच्याकडे चार आठवडे होते. लॉ कॉलेजच्या नियमाप्रमाणे एखाद्या वकिलाच्या ऑफिसात काम केल्याशिवाय पुढच्या वर्षात जाता येत नाही. झाशीत ऑफिसं पुष्कळ आहेत, पण मुलींना घेऊन त्यांना नुसत्या फायली उचलायला लावणारीही पुष्कळ आहेत. ह्या विषयावर मी आदल्या वर्षी एक पत्रक काढलं होतं. त्यामुळे बाकीची दारं बंद होती. शेवडेकाका आमच्या गणपतीला येणारे, म्हणून त्यांच्याकडे गेले. माझे मार्क त्यांनी पाहिले नाहीत. पत्रकही वाचलं नव्हतं. एकच प्रश्न विचारला.

"मराठी समजते का गं?"

"समजते. बोलते फक्त आईशी, भांडताना."

"समजली की पुरे. तुला बोलायचं नाहीये."

मला तिथेच उठून जायला हवं होतं. पण सर्टिफिकेट लागत होतं.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. बाहेर मुंशी रामसेवकजी, आत काका. काकांच्या डाव्या हाताला एक खुर्ची, ती माझी. त्या खुर्चीचं काम एवढंच की काका जे मराठीत बोलतील ते ऐकायचं आणि निमूटपणे करायचं. "कपाटातली ती जाडी वही काढ, पण ह्याच्या देखत उघडू नकोस." "ही बाई रडेल आता. फडकं नको देऊस, रडू दे, मग खरं सांगेल." बाई खरंच रडत. मग खरं सांगत. माणसाची पारख काकांना होती, हे मान्य करायला हवं.

शब्दांची निवड तर बघण्यासारखी. मराठीतले निम्मे शब्द हिंदीवाल्याच्या कानाला ओळखीचे लागतात. साक्ष, वारस, खोटं हे उच्चारायचे नाहीत. काका असे शब्द काढत जे बुंदेलखंडात आले ते बहुधा त्यांच्या खापरपणजोबांच्या सामानातून. लबाडाला 'बेरकी', घाबरटाला 'भागूबाई', आणि उगाच भांडायला आलेल्याला 'ह्याचं घरी कुणी ऐकत नाही'. हा शेवटचा शेरा झाशीत सगळ्यात जास्त लागू पडे.

मला हे पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. "काका, हे चूक आहे. ज्याची केस आहे त्याला कळेल अशा भाषेत बोलायला हवं. तो त्याचा हक्क आहे."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "लिहून काढ."

मी लिहून काढलं. दोन पानं. त्यांनी चष्मा लावून वाचली, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि परत दिली. दुसऱ्या दिवशी चिरगाँवचा एक माणूस आला. "बैठिए भैया, ह्याच्या खिशातला कागद अर्धा बाहेर आलाय, तोच मूळ असणार, कैसे आए?"

मग आल्या रामकली अम्मा.

बड़ा बाज़ारात अम्मांचं बांगड्यांचं दुकान. नवऱ्याच्या काळापासून भाड्याचं. मालकाला जुनी इमारत पाडून नवी उभी करायची होती. कोर्टात तारखा चालू होत्या आणि मालकाने तडजोडीला होकार दिला होता. जुनं दुकान सोडा, नव्या इमारतीत एक दुकान घ्या. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजू काकांच्या ऑफिसात बसल्या. मालक, त्यांचे वकील, अम्मा, काका, मी.

समोरच्या वकिलांनी मसुदा वाचला. 'नवनिर्मित भवन में एक दूकान.' कुठल्या मजल्यावर, ते नव्हतं. अम्मांना ते लक्षातही आलं नाही. त्या ओढणीने डोळे पुसत होत्या आणि मालकाला आशीर्वाद देत होत्या. गुडघ्यांमुळे त्या आमच्या ओसरीच्या तीन पायऱ्याही रामसेवकजींचा खांदा धरून चढल्या होत्या.

काका प्रसन्नपणे हसले. "मसौदा तो बढ़िया है वकील साब, हिला माडीवर चढवायचा बेत आहे, पण त्यांना घाई झालीये, थोडं ताणलं की खालचं देतील, हिला पाणी पाजायला बाहेर ने, आत्ता मान डोलवू देऊ नकोस, स्याही कौन-सी है आपकी?"

मी उठले. पण बाहेर नेलं नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर, स्वच्छ हिंदीत म्हणाले, "अम्मा, वकील साब कह रहे हैं कि अभी हाँ मत कहिए। ये लोग आपको ऊपर की मंज़िल देंगे। इनको जल्दी है, थोड़ा रुकिए तो नीचे की मिल जाएगी।"

मालकांनी आधी स्वतःच्या वकिलांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"अच्छा!" मालक उठले. "तो शेवडे जी, इतने साल से ये चल रहा था?" मसुदा घडी करून खिशात गेला. त्यांचे वकील जाताना दारात थांबून म्हणाले, "हम तो समझते थे आप मंत्र पढ़ते हैं।"

अम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. "बिटिया, जौ का कर दओ?"

मी काकांच्या ओरडण्याची वाट पाहिली. उत्तर तयार होतं. काका ओरडले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आपने ठीक किया।"

आप. मला. त्यानंतर काका माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. "वो फ़ाइल दीजिए।" "धन्यवाद जी।" अशिलांशी हिंदी, माझ्याशी हिंदी, स्वतःशी काहीच नाही. माझी मागणी पूर्ण झाली होती. मागण्या पूर्ण होतात तेव्हा साधारणपणे बरं वाटतं.

मालकाच्या घरी काका तीन दिवस सकाळी गेले. पहिल्या सकाळी त्यांना बाहेरच बसवून ठेवलं, हे रामसेवकजींनी सांगितलं. तिसऱ्या सकाळी तडजोड झाली. तळमजला मिळाला, पण जिन्याखालचा. रुंदी निम्मी. मी अम्मांना बाहेर नेलं असतं आणि तोंड उघडलं नसतं, तर रस्त्याकडचं अख्खं दुकान मिळालं असतं का? काका म्हणत, मिळालं असतं. म्हणजे म्हणत नव्हते. मला माहीत होतं.

अम्मांनी नव्या इमारतीच्या नकाशात जागा बघून घेतली. "चूड़ियाँ तो आ जैहें," त्या म्हणाल्या. "हम बाहर बैठ जैहें।"

त्या दिवशी मी ओसरीवर रामसेवकजींपाशी बसले. माझं म्हणणं अजून तेच होतं, तेच त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकलं, वहीला दोरा बांधला.

"बिटिया, तुम्हारी कुर्सी पे बड़े वकील साब बैठते थे। इनके बड़े भाई। दोनों का एक ही चूल्हा, एक ही कचहरी। ये बोलते, वो उठ के कर देते। उनके जाने को चार साल हुए।"

"आणि चार वर्षं काका मराठी कुणाशी बोलत होते?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"हमसे," रामसेवकजी म्हणाले. "हमको एक अक्षर नहीं आता। हम हाँ-हाँ कर देते थे। कभी ग़लत जगह हाँ हो जाता तो चुप हो जाते थे। फिर तुम आईं।"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कॉजलिस्टचा, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसच्या यादीचा, पाठकोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "जाने से पहले दो-चार लाइन लिख दो। हाँ के अलावा।"

मी चार वाक्यं लिहिली. चारही प्रश्न. रामसेवकजींनी दोन दिवस ती पाठ केली, पान लावताना, सायकल पुसताना, तारखा लिहिताना.

शेवटच्या दिवशी दुपारी अशील कुणी नव्हतं. काकांनी सर्टिफिकेटवर सही केली, "शुभकामनाएँ" म्हणाले आणि डबा उघडला. रामसेवकजी आत आले, हात मागे बांधून उभे राहिले.

"साब. आज काय भाजी?"

काकांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"दोडका," ते म्हणाले.

"असं का?"

"मिळाला म्हणून. दादाला नाही चालायचा. पानात दोडका दिसला की उपास आठवायचा त्याला."

"मग?"

रामसेवकजींना ह्यातलं काही कळत नव्हतं. ते काकांनाही ठाऊक होतं. काकांनी डब्याचं झाकण उलटं करून त्यात दोन पोळ्या आणि भाजी काढली, ते रामसेवकजींपुढे सरकवलं आणि माझी खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.

"मग काय," काका म्हणाले, "एकदा काय झालं, श्रावणातली गोष्ट."

रामसेवकजी खुर्चीत टेकले. कागदावरचं चौथं वाक्य त्यांनी राखून ठेवलं होतं.

"पुढे काय झालं?"