खांदा साडेचौदा

चिठ्ठीवर नाव नव्हतं. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, खांदा साडेचौदा, उंची चोपन्न, एवढंच लिहिलेलं. कार्यक्रमाच्या प्रमुखबाईंनी ती शिवणखोलीतल्या टेबलावर पालथी ठेवली आणि मागे वळून दार लावून घेतलं.

"मास्तर, राणीचा हिरवा पोशाख या मापाने. रविवारी संध्याकाळी साडेपाचला तयार हवा."

"पण बाई, रविवारीच तर निकाल. लोकांची मतं अजून..."

"लोकांची मतं लोकांपाशी. पोशाख शिवायला तीन दिवस लागतात की नाही?"

"लागतात."

"मग? लोक काय तीन दिवस आधी येऊन सांगणारेत तुम्हाला?"

मास्तरांनी चिठ्ठी सरळ केली. वाहिनीवर तीन महिने ही स्पर्धा चालू होती. एका मोठ्या संगीत नाटकाला नायिका हवी होती आणि ती लोकांनी निवडायची होती. आता दोघीच उरल्या होत्या. एक दातांची डॉक्टर, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. दुसरी कुरिअरच्या कचेरीत पार्सलांवर पत्ते चिकटवणारी मुलगी. निकाल लागला की जिंकणारीने दीड मिनिटात राणीचा पोशाख चढवायचा, प्रेक्षकांकडे पाठ करून जिना चढायचा आणि वर जाऊन गायचं, असं ठरलं होतं. एरवी स्पर्धेतले कपडे भाड्याचे असत आणि मागून चिमटे लावून बसवले जात, कारण कॅमेरा पाठ दाखवत नसे. इथे पाठच दिसणार होती. म्हणून पोशाख नेमक्या मापाचा हवा होता, आणि म्हणून तो कोणाला होणार हे स्टुडिओत दोनच माणसांना आधी कळणं भाग होतं. एक प्रमुखबाई, दुसरे मास्तर.

बाई गेल्यावर मास्तरांनी मापवही काढली. तीन महिन्यांपूर्वी पहिल्या फेरीत त्यांनी स्वतः टेप धरून सगळ्यांची मापं घेतली होती. डॉक्टरीणबाई: चौतीस, अठ्ठावीस, खांदा चौदा. पार्सलवाली: छत्तीस, बत्तीस, खांदा साडेचौदा. उंची दोघींची सारखीच.

मास्तर खुर्चीत बसले. पार्सलवाली त्यांची सख्खी भाची होती.

हे स्टुडिओत कोणालाही माहीत नव्हतं. कामगारांच्या नातेवाइकांना स्पर्धेत बंदी होती. सापडल्यास स्पर्धक बाद आणि कामगार घरी. भाची आपल्या गळ्याच्या जोरावर आत आली होती आणि मामा तीन महिने तिला ओळख देत नव्हता. मामाचा हा अभिनय स्पर्धेतल्या कोणाहीपेक्षा सरस होता. ती शिवणखोलीत आली की तो सुईत दोरा ओवायला लागायचा. वाटेत दिसली की भिंतीवरची नोटीस वाचायचा. चिमटे लावायचं कामही त्याने दुसऱ्या बाईवर ढकललं होतं. थोडक्यात, तीन महिने त्याने भाचीकडे नीट पाहिलंच नव्हतं.

चिठ्ठीतला खांदा तेवढा खटकत होता. चौतीस-अठ्ठावीस म्हणजे डॉक्टरीणबाईच. मग खांदा साडेचौदा कसा? मास्तरांची पस्तीस वर्षं टेप धरण्यात गेली होती. या वेळची मापं मात्र कार्यालयातल्या एका मुलीने घेतली होती, आणि टेप धरायला डिग्री लागत नाही अशी कार्यालयाची समजूत होती. "खांदासुद्धा धड मोजता येत नाही," मास्तर पुटपुटले. त्यांनी लाल पेन्सिलीने साडेचौदावर काट मारली, चौदा लिहिलं, आणि कापड बेतायला घेतलं.

घरी त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच राहिलं. मास्तरांच्या पत्नीने तिसऱ्या वेळेला ताट उचललं नाही, ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"कोण मेलंय?"

"कोणी नाही."

"नोकरी गेली?"

"नाही."

"मग पोरीचं काहीतरी आहे." मास्तरांनी ताट बाजूला सारलं. "अहो, तुम्ही सांगू नका. मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. म्हणजे तुम्ही सांगितलं असं होत नाही."

हा कायदेशीर मुद्दा मास्तरांना पटला. "पोर जिंकतेय?" पत्नीने विचारलं. त्यांनी मान हलवली. हलली ती नेमकी आडवी.

पत्नीच्या पोटात गोष्ट राहत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुरती चाळीस मिनिटं राहिली. मग तिने नणंदेला फोन केला, आणि तोही काही सांगण्यासाठी नव्हे, नुसता धीर द्यायला. "काही झालं तरी पोरीची तब्येत महत्त्वाची," ती म्हणाली. "आणि हरलं म्हणून कोणी मरत नाही." एवढं बोलून तिने फोन ठेवला. आपण शब्दाने काही बोललो नाही याचं तिला समाधान वाटलं.

तासाभरात बहीण दारात हजर. हातात पंधरा पानांचा करार.

"दादा, हे वाच. पान अकरा."

मास्तरांनी चष्मा लावला. पान अकरावर लिहिलं होतं की निकालात दुसरी येणारी स्पर्धक दोन वर्षं पर्यायी नायिका म्हणून बांधील राहील. प्रत्येक प्रयोगाला पोशाख घालून, रंगभूषा करून पडद्याआड बसायचं. मुख्य नायिका आजारी पडली तर गायचं. न पडल्यास बसायचं. या काळात दुसरीकडे कुठेही गाता येणार नाही आणि गाणं शिकवताही येणार नाही.

"डॉक्टर आहे ती," बहीण म्हणाली. "ती कशाला आजारी पडतेय?"

"दातांची डॉक्टर आहे," मास्तर म्हणाले.

"दादा, थट्टा करू नकोस. शाळेचं पत्र आलंय. गाण्याच्या शिक्षिकेची जागा आहे, कायमची. रविवारपर्यंत हो म्हणायचंय. ती म्हणते, निकाल कळल्याशिवाय कसं सांगू? जिंकले तर नाटक करीन. आणि हरली तर दादा, शाळाही गेली आणि दोन वर्षं अंधारात बसायचं. तिचे वडील गेल्यापासून या पोरीने पार्सलं चिकटवून घर चालवलंय. तिला एकदा तरी उजेडात उभं राहायला मिळायला नको का?"

"यातून सुटायचं कसं?" पत्नीने विचारलं.

"निकालाआधी माघार घेतली तर करार संपतो. पान बारा." बहिणीने पान उलटून दाखवलं. "दादा, तुला माहीत असेल तर सांग. मला नको सांगूस. तिला सांग."

मास्तरांनी पस्तीस वर्षांत कोणाचं माप दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. बायका येत, शेजारणीची कंबर विचारत, मास्तर तोंडाला कुलूप लावून बसत. पण इथे प्रश्न पोरीच्या दोन वर्षांचा होता आणि त्यांना ती फार प्रिय होती. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. ती पाळण्यात असताना तिचं पहिलं झबलं त्यांनीच शिवलं होतं.

शनिवारी दुपारी भाची घरी आली. तालमीतून सरळ आली होती. कुणाचा तरी गुडघ्यापर्यंतचा ढगळ स्वेटर अंगात, केस बांधलेले, आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलत होती. मास्तर घरी आणलेल्या हिरव्या पोशाखाला गोट शिवत होते. तो त्यांनी घाईघाईने चादरीखाली ढकलला.

"मामा, खरं सांग. मी नाही ना?"

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"बरं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "डॉक्टरीणबाईचा आवाज चांगला आहे."

"तुझा जास्त चांगला आहे."

"तू मामा आहेस." ती हसली. मग चटकन उठली, शाळेला फोन केला आणि हो म्हणून टाकलं. जाताना मामीने जेवायचा आग्रह केला तेव्हा म्हणाली, "तीन महिन्यांत भूकच गेलीय गं, आता येईल."

ती गेल्यावर मास्तर पोटभर जेवले. आपण एका पोरीला खड्ड्यात पडताना वाचवलं असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटण्यासारखं सुख नाही.

रविवारी पाच वाजून पन्नास मिनिटांनी दोघी मंचावर उभ्या होत्या. सूत्रसंचालक हातातल्या पाकिटाशी चाळा करत होता. देशभर लोक मतं देत होते आणि मतांचा आकडा पडद्यावर धावत होता. तो आकडा कोण धाववत होतं हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. तेवढ्यात भाचीने एक पाऊल पुढे टाकलं.

"मला काही बोलायचंय. मी माघार घेतेय. ही भूमिका हिलाच मिळावी."

प्रेक्षकांना वाटलं, केवढा त्याग! टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली एक आजी रडायला लागली, ते बघून कॅमेरावाला रडायला लागला आणि चित्र हललं. डॉक्टरीणबाईने भाचीला मिठी मारली. भाची नमस्कार करून आत गेली. सूत्रसंचालकाने घामेजल्या हातांनी पाकीट पाठीमागे लपवलं आणि जाहिराती सुरू झाल्या.

प्रमुखबाई शिवणखोलीत शिरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागून डॉक्टरीणबाईला दोन मदतनीस बायकांनी ढकलत आणलं.

"मास्तर, पाच मिनिटं! काहीही करा, उसवा, जोडा, हिला हा पोशाख घाला!"

उसवायचं कशाला, हे मास्तरांना कळेना. त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि पोशाख चढवला. पोशाख डॉक्टरीणबाईला असा बसला की जणू अंगावरच विणला होता. खांदा तर सुरेख. मागचा एक हूक तेवढा निसटला होता. मास्तर तिथे टाके घालायला लागले.

प्रमुखबाई बघतच राहिल्या. "हे कसं झालं? हा तर त्या दुसरीच्या मापाचा शिवायला सांगितला होता!"

मास्तरांची सुई थांबली.

"गुरुवारीच माप घेतलं तिचं," बाई बडबडत होत्या. "वाळून किती झाली होती बिचारी. बाकी दोघींचं माप अगदी सारखं आलं हो, खांद्याचा अर्धा इंच सोडला तर. मी म्हटलं हिला खांद्यात ढगळ होणार. मुकुट तिच्या नावाने कोरलाय, पोस्टरं छापलीत, आणि ही बया माघार घेते! ती अजून बाहेर उभी असेल, पण तिला परत कशी आणू? काय सांगून आणू? मास्तर, तुम्हाला काही सुचतंय का?"

मास्तरांना सुचत होतं. बाहेर वीस पावलांवर भाची उभी होती. तिला हाक मारायची, म्हणायचं, पोरी, मी चुकलो, तूच आहेस, माघारी फिर. त्यासाठी आपण मामा आहोत हे सांगावं लागलं असतं, आणि मामा आहोत म्हटलं की ती बादच. नाही सांगितलं तर माघार पक्की. सांगितलं तर हकालपट्टी पक्की. माणसं मूग गिळून गप्प बसतात. मास्तरांच्या तोंडात सात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढून उशीत टोचायला घेतली. तिसऱ्या टाचणीपर्यंत दोन्ही वाटांचा विचार करून झाला. सातवी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाई मंचावर पोचली होती आणि जिना चढत होती. पाठ अतिशय छान दिसत होती.

"कमाल केलीत मास्तर," प्रमुखबाई म्हणाल्या. "अर्धा इंच तुम्ही कसा ओळखलात?"

आठवड्याने मास्तरांच्या घरी सगळी जमली. बहिणीने भावाचे दोन्ही हात धरले.

"दादा, तू नसतास तर माझी पोर आज पडद्याआड बसली असती. जन्मभर विसरणार नाही मी."

"मीच म्हटलं होतं, सांगा म्हणून," पत्नी म्हणाली.

"आणि शाळेतली पोरं काय गोड आहेत, मामा," भाची म्हणाली. तिने आज दोनदा वाढून घेतलं होतं. "सगळी बेसूर. पण सगळी जोरात गातात. तू त्या दिवशी खरं बोललास ना, म्हणून हे झालं. दुसऱ्या कोणी गोड बोलून मला तिथेच उभं ठेवलं असतं."

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. सांगावं असं त्यांना वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण समोर त्या तिघी त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होत्या.

"मामा, शाळेत घालायला दोन ड्रेस शिवून देशील? जुने सगळे सैल झालेत."

"देतो."

"मग माप घे ना." ती उठून उभी राहिली, हात पसरले. "टेप कुठाय तुझी?"

"टेप नको," मास्तर म्हणाले. "मला माहीत आहे."