बातुमीतलं सगळ्यात स्वस्त हॉटेल

"हॉटेल चालवायला लागतं काय गं एवढं? चार खाटा, चार चादरी आणि तोंडात जीभ! खाटा-चादरी घरात आहेत, आणि जीभ तर अख्ख्या गल्लीला उसनी देऊन उरेल एवढी आहे!"

झुझुनाबाईंनी हे ठणकावून सांगितलं तेव्हा त्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात डोक्यावर पातेलं धरून उभ्या होत्या. छप्पर गळत होतं. जॉर्जियातल्या या समुद्रकाठच्या बातुमीचा पाऊस म्हणजे सुनेचं रडगाणं, एकदा लागलं की थांबायचं नाव नाही!

समोर सून मक्वाला हाताची घडी घालून उभी. ती समुद्रावरच्या उंच काचेच्या कॅसिनो-हॉटेलात काउंटरवर कामाला होती. तिथे पाण्याच्या बाटलीचे पैसे घ्यायला शिकलेली बाई, तिच्याशी कोण बोलणार!

"आई, हट्ट सोडा. गल्लीतल्या सगळ्यांनी घरं बिल्डरला दिली. आपणही देऊ. छप्पर घालायला आपल्याकडे दमडी नाही."

"या घरात माझ्या मुर्मानने प्राण सोडला!"

"बाबांनी प्राण दवाखान्यात सोडला."

"निघाला तर इथूनच ना!" झुझुनाबाईंनी पातेलं दाणकन खाली आपटलं. "ऐक. द्राक्षं उतरवायच्या आत खोल्या भाड्याने देऊन नवं छप्पर घालून दाखवते. नाही जमलं तर तुझ्या बिल्डरच्या कागदावर सही करीन. अंगठा नाही, सही! येते मला!"

"आणि जमलं तर?"

"तर या घरात बिल्डरचं नाव काढायचं नाही. आणि माझ्या राजम्यात मीठ जास्त झालंय, हेही म्हणायचं नाही!"

मुलगा बद्री कोपऱ्यात बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. बंदरावर क्रेनने डोंगराएवढी खोकी उचलणारा गडी, पण आई आणि बायको यांच्यामध्ये एक शब्द उचलायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्याच दिवशी झुझुनाबाई पुठ्ठ्यावर 'खोली' असं लिहून स्टेशनच्या दारात ठाण मांडून बसल्या. तिथे आधीच बायकांची रांग. सगळ्यांच्या हातात पुठ्ठे, सगळ्यांच्या नजरा गाडीवर. पण झुझुनाबाईंच्या आवाजापुढे इंजिनाची शिट्टीही लाजायची!

"कुठे निघालात, साहेब? त्या मनोऱ्यात? जा, जा! खोली काडेपेटीएवढी आणि बिल जहाजाएवढं! त्यात सुट्ट्यांची गर्दी, भाव तिप्पट. रात्री जुगारात हरायचं आणि सकाळी हॉटेलवाल्याने उरलेलं धुवायचं! त्यापेक्षा माझ्याकडे या. खाट आहे, द्राक्षांचा मांडव आहे आणि मी आहे!"

हे तिसरं ऐकून काही जण जरा दचकायचे. पण रिफत नावाचा एक तुर्क आला. रिझेहून आलेला, मिशा उतरलेल्या, खिसाही तसाच. आदल्या दिवशी कॅसिनोतल्या जुगाराच्या चक्रावर सगळं लावून बसला होता. झुझुनाबाईंनी त्याचं तोंड बघितलं आणि ओळखलं. हा माणूस उपाशी आहे!

आता इथे चूक झाली असं कुणी म्हणेल. पण दारात आलेल्या उपाशी माणसाला नुसती खाट दाखवायची? मग माणूस आणि गोठा यात फरक काय राहिला? झुझुनाबाईंनी मक्याची भाकरी थापली, लोण्यात चीज वितळवलं, अक्रोड भरलेली वांगी काढली, घरची वाईन काढली. रिफत जेवला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "हे कोण?"

"माझा मुर्मान. जन्मभर खुलोच्या घाटात बस चालवली. एकदाही दरीत गेला नाही."

रिफत उठून उभा राहिला. प्याला वर केला. "मुर्मानभाऊ, तुमच्या नावानं!"

संपलं! झुझुनाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा धारा. आपल्या टेबलावर बसून आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ज्याने प्याला उचलला, तो घरचा झाला. सकाळी रिफतने पाकीट काढलं तर बाई कडाडल्या, "ठेव ते आत! मुर्मानच्या भावाकडून पैसे घेऊ? हात झडतील माझे!"

तो बिचारा रडत गेला. जाताना टॅक्सीत बसला आणि टॅक्सीवाल्याला सगळं सांगत सांगत गेला. भलं माणूस होतं. पण सत्यानाश नेहमी भल्या माणसांच्याच तोंडून सुरू होतो!

"आई," मक्वाला कपाळाला हात लावून म्हणाली, "हॉटेलात गिऱ्हाईक पैसे देतं."

"गिऱ्हाईक देतं. भाऊ देत नाही."

"मग भाऊ करू नका ना! जेवायला घालू नका. खोली द्या, किल्ली द्या, गप्प बसा."

गप्प बसा! मासळीला पोहू नको सांगावं तसं! तरी झुझुनाबाईंनी एक दिवस प्रयत्न केला. कझाकिस्तानचा एक जाडजूड पाहुणा आला. त्याला खोली दिली आणि त्या स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरल्यासारखा रुमाल धरून बसल्या. आतून त्याच्या पोटाचा आवाज आला म्हणे. म्हणे! मक्वालाला तर काही ऐकू आलं नव्हतं. बाई ताट घेऊन आत गेल्या, आणि काय आश्चर्य! प्याला भरायच्या आधीच पाहुणा म्हणाला, "हा मुर्मानसाठी! त्यांनी मला समुद्रात बुडताना वाचवलं होतं!"

मुर्मानला पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाण्यात तो कधी गेला नाही. झुझुनाबाई क्षणभर थबकल्या, मग अभिमानाने सुनेकडे वळून म्हणाल्या, "बघ! पोहायला शिकला आणि मला सांगितलंही नाही. असा लाजाळू होता!"

मग रीघच लागली. तेहरानचा होशंग नावाचा कोवळा पोरगा आला. मिसरूड नुकतंच फुटलेलं. म्हणाला, "मुर्मान आणि मी तरुणपणी एकाच ताटात जेवलो." बाईंनी त्याला दुसऱ्यांदा वाढलं. एक आर्मेनियन म्हणाला, मुर्मानसारखा सेनापती पुन्हा होणे नाही. बाईंनी ते शेजारणीला सांगितलं, "बस चालवणं नुसतं दाखवायला होतं. आतून सेनापती!"

घर फुल्ल! खाटा कमी पडल्या म्हणून मांडवाखाली गाद्या घातल्या. आजूबाजूचे मनोरे रिकामे आणि झुझुनाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही! फक्त पैशांचा डबा तेवढा उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा कोरडा ठणठणीत. मक्वालाने एकदा तो फोटोच भिंतीवरून काढून कपाटात टाकला. तर जेवायला बसलेले पाहुणे एका सुरात ओरडले, "आमचा मुर्मान कुठाय?"

आणि मग लारिसा आली.

मिन्स्कची. सोनेरी केस, उंच टाचा, ओठ जर्दाळूसारखे. जेवली, प्याला उचलला, डोळे मिटले आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "मुर्मान! तुझे ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही!"

झुझुनाबाईंच्या हातातली वाटी तशीच हवेत राहिली.

"कुठे बघितलेस डोळे?"

लारिसा गडबडली. "ते... समुद्रावर. चांदण्यात."

बाईंनी वाटी खाली ठेवली. एक अक्षर बोलल्या नाहीत. घरातले सगळे घाबरले, कारण झुझुनाबाई गप्प बसणं म्हणजे भूकंपाआधी कोंबड्या गप्प बसतात तसं! मुर्मान दर शनिवारी मासे पकडायला जायचा. रात्रभर! आणि येताना एक मासा, एक शेपटी, एक खवलासुद्धा आणायचा नाही! इतकी वर्षं बाईंना वाटत होतं, बिचाऱ्याचं नशीब खराब.

सकाळी त्या वाईनची बाटली घेऊन कबरीवर गेल्या. काळ्या दगडावर मुर्मानचं पूर्ण उंचीचं चित्र कोरलेलं, ओठांवर हसू. दर वेळी बाई त्याच्यासाठी मातीत वाईन ओतायच्या. आज समोरच्या बाकावर बसल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत स्वतःच पिऊ लागल्या.

"बघ! बघत बस! एक थेंब मिळायचा नाही! समुद्रावर गेला होतास ना? तिथलंच खारं पाणी पी! आणि हसतोस कशाला? तुझ्या हसण्याचे मी त्या कारागिराला जास्तीचे पैसे दिले होते, मेल्या!"

मेलेल्याला मेल्या म्हटल्यावर त्यांचा त्यांनाच हुंदका फुटला. मग मात्र त्या खूप रडल्या. अशा रडल्या की पलीकडच्या कबरीवर आलेल्या बाईने आपली फुलं अर्धी काढून मुर्मानला वाहिली.

घरी आल्या तर लारिसा बॅग ओढत फाटकातून निघालेली. झुझुनाबाईंनी बॅगेवर पाय ठेवला.

"बोल. कधीपासून चालू होतं?"

"काय चालू होतं, मावशी?"

"मावशी? सवत म्हण! किती वर्षं माझं घर बुडवत होतीस?"

लारिसा रडायलाच लागली. "अहो मावशी, मी परवा पहिल्यांदा या शहरात पाऊल टाकलं! मी कुणाला ओळखत नाही! पत्त्यांत सगळं हरले. हॉटेलवाल्यांनी बाहेर काढलं. कॅसिनोच्या दारात टॅक्सीवाले उभे असतात ना, ते सगळ्या हरलेल्यांना सांगतात, 'स्वस्तात राहायचंय? झुझुनाकडे जा. जेवताना मुर्मानच्या नावानं प्याला उचल, म्हातारी पैसे घेत नाही. काहीतरी मनाला लागेल असं बोल.' मला डोळ्यांशिवाय काही सुचलं नाही!"

झुझुनाबाई फाटकाला धरून खाली बसल्या. नवरा परत मिळाला आणि त्याच दमात गावभरचे दीर, भाचे, दोस्त सगळे गेले! कुणी बुडलं नव्हतं, कुणी वाचलं नव्हतं. मुर्मानला कोणी ओळखतच नव्हतं! बस चालवणारा एक साधा माणूस, घाटातल्या वळणांखेरीज त्याचं नाव कुणाला माहीत असणार? आणि छप्पर? ते पूर्वी एका जागी गळायचं, आता पाहुण्यांनी वर कपडे वाळत घालून घालून पाच जागी गळत होतं.

त्यांनी सगळ्यांना हाकललं. दाराला नवा पुठ्ठा लावला: 'आधी पैसे. घरच्या मेलेल्यांची चौकशी करू नये.'

मग कुणी फिरकलंच नाही. द्राक्षं पिकून काळी झाली.  बिल्डर सोमवारी येणार होता.

शनिवारी पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि दारात एक म्हातारा उभा. चिखलाचे बूट, अंगावर भिजलेलं घोंगडीसारखं जाकीट.

"मुर्मानचं घर हेच ना, वहिनी?"

"आला आणखी एक!" झुझुनाबाई म्हणाल्या. पण बाहेर धो धो पाऊस, माणूस थंडीने कुडकुडतोय. राजमा वाढलाच. म्हाताऱ्याने सावकाश खाल्लं, प्याला हातात घेतला आणि उभा राहिला. बाईंनी दात आवळले.

"मुर्मानच्या नावानं," तो म्हणाला. "एका हाताने बस चालवायचा आणि दुसऱ्या हाताने सूर्यफुलाच्या बिया खायचा. गळा इतका बेसूर की बसमधल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबायच्या. आणि तुमच्याविषयी म्हणायचा, 'रेझो, माझ्या घरात गारपीट आहे. पण गारपिटीनंतर जशी हवा होते ना, तसं घर आहे माझं.'"

"झालं बोलून?" झुझुनाबाई कडाडल्या. "वा रे टॅक्सीवाले! आता घरात बसून मला गारपीट म्हणायलाही शिकवायला लागले! खाटेचे पैसे काढ. राजम्याचे काढ. वाईनचे काढ. आणि माझ्या नवऱ्याला बेसूर म्हणालास, त्याचे दुप्पट!"

 म्हाताऱ्याने खिशातून नोटा काढून ताटाखाली सरकवल्या, मिशा पुसल्या, "बरं, वहिनी" म्हणाला आणि पावसात निघून गेला.

"बघितलंस?" बाई नोटा फडकवत सुनेवर ओरडल्या. "आला मला धंदा!"

तेवढ्यात बद्री कामावरून आला. ओलाचिंब. "आई, गल्लीतून रेझोकाकांचा ट्रक बाहेर पडला. एवढ्यात कुठे निघाले?"

"कोण रेझोकाका?"

"बाबांचे दोस्त, खुलोचे, घाट सोडून कधी खाली येत नाहीत. छप्परं घालतात. मी बोलावलं होतं, आई, तुला न सांगता. ट्रकभर पत्रे आणि शिडी घेऊन आले होते. रात्री राहून सकाळी काम सुरू करणार होते. फुकट! पैशांचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही, रागावून निघून जातात."

गारपीट! हा शब्द मुर्मान त्यांना फक्त एकदाच म्हणाला होता, लग्नाच्या दिवशी, कानात. टॅक्सीवाल्यांना तो ठाऊक असणंच शक्य नव्हतं, आणि रागाच्या भरात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

झुझुनाबाई चपला न घालता फाटकापर्यंत धावल्या. "भाऊजी! अहो भाऊजी!" घाटाच्या रस्त्याला लागलेला ट्रक, मागे शिडी हलत होती, आणि मग तीही दिसेनाशी झाली. बद्रीने फोन लावला. लावतच राहिला.

परत येऊन त्या टेबलाशी बसल्या, नेमक्या गळक्या जागेखाली. सरकायचंही भान नव्हतं.

मक्वालाने त्यांच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून खूप विचार केला, आणि शेवटी म्हणाली, "आई, असं करू नका. अख्ख्या हंगामात एका तरी गिऱ्हाइकाने पैसे दिले ना."

 झुझुनाबाईंनी त्या नोटा उलगडल्या आणि डोक्यावर धरल्या. पाणी त्यातूनही गळत होतं.