मास्तरांचं स्टेशन, खरी नक्कल

सासऱ्यांच्या भिंतीवरचा फोटो सरळ मागून घ्यायचा की गुपचूप मोबाइलवर टिपायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. आमच्या समोरच्या नक्कलसाहेबांनी गुपचूप टिपायचं ठरवलं, आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

नक्कलसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. कोणी जुन्या कागदाची नक्कल मागितली की ती मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघायची आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही ठोकायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत एक अनुस्वार इकडचा तिकडे झालेला नाही, असं ते सांगतात (आपण विचारलं नसलं तरी सांगतात).

घरी मात्र त्यांचा जीव विटांमध्ये. विटा म्हणजे घर बांधायच्या नव्हेत, खेळण्यातल्या. प्लास्टिकच्या, वर गोल टेंगळं असलेल्या, एकीत एक खटकन बसणाऱ्या. आधी त्यांनी स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःलाच एक आगगाडीचा संच भेट दिला. गाडीला पूल हवा, पुलाला नदी हवी, नदीला काठ हवा, असं करत करत त्या घरातली भांडी एकेक करून कामाला लागली. बर्फाच्या ट्रेमध्ये खिडक्या, अंड्यांच्या ट्रेमध्ये चाकं, लोणच्याच्या बरणीत झाडांची पानं. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले तर डब्यातून पांढऱ्या चपट्या विटा निघाल्या. त्यांना ठोकळे म्हटलेलं साहेबांना खपत नाही. ठोकळे मुलांचे असतात, म्हणतात.

त्यांची बायको इस्पितळात प्लास्टर रूममध्ये नर्स आहे. आख्खी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणते. मोडलेलं हाड डॉक्टरांनी जागेवर बसवलं की ते हलू नये म्हणून पक्कं करून टाकायचं, हे ती दिवसभर करते, आणि घरी आली तरी हात थांबत नाहीत. हलणारी वस्तू तिला बघवतच नाही. आमच्या स्टुलाचा लटपटता पाय तिने बोलता बोलता असा बसवून दिला, की आता स्टूल मोडेल पण पाय निघायचा नाही.

राहिले सिस्टरचे वडील. निवृत्त स्टेशनमास्तर. सोळा वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी नवरदेवाची मंडळी चाळीस मिनिटं उशिरा पोचली, हे मास्तरांनी मनातल्या वहीत लिहून ठेवलं ते कायमचं. तेव्हापासून जावयाने काहीही आणलं, काहीही केलं, तरी मास्तरांचा शेरा एकच, ठीक आहे. बढती मिळाली, ठीक आहे. घर घेतलं, ठीक आहे. छान हा शब्द मास्तरांना येत नाही असं मुळीच नाही. एकदा जिन्यात ते माझ्या छत्रीला छान म्हणाले होते. जावयाला मात्र सोळा वर्षांत एकदाही नाही. नक्कलसाहेब हे हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर चष्मा पुसत बसायचे.

तर मास्तरांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला आणि साहेबांच्या डोक्यात आलं, की मास्तरांचं पहिलंवहिलं स्टेशन विटांमध्ये उभं करायचं. ते स्टेशन केव्हाच पाडलं गेलं होतं. उरला होता एक फोटो, मास्तरांच्या खोलीत कपाटाच्या वर टांगलेला. बैठी इमारत, उतरतं छप्पर, एका अंगाला पाण्याची टाकी, आणि दारात झेंडा घेऊन उभे असलेले कोवळ्या मिशांचे मास्तर. तो मागितला असता तर मास्तरांनी कशाला म्हणून विचारलं असतं, आणि त्यांच्यापुढे खोटं बोलणं साहेबांना कधी जमलेलं नाही. म्हणून एक दिवस साहेब फोटोकडे पाठ करून उभे राहिले, हात उंच धरला, आणि स्वतःचाच फोटो काढल्यासारखं करून मागचं स्टेशन टिपलं. मास्तर पेपर वाचत होते. कपाटाबरोबर फोटो काढताय का, एवढंच त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, आठवण म्हणून.

त्या फोटोचा एक तृतीयांश भाग साहेबांच्या गालाने व्यापला होता. उरलेल्या भागावरून चार महिने काम चाललं. जेवणाच्या टेबलावर स्टेशन, आणि दोघं नवरा-बायको इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने जेवायची. रोज कचेरीतून आलं की साहेब मोबाइल डाव्या हातात धरायचे, बोटांनी फोटो ताणून मोठा करायचे, खिडक्या मोजायचे, आणि चिमट्याने वीट बसवायचे. बसवली की पुन्हा फोटोशी ताडायचे. टाकी तीनदा पाडून बांधली, कारण तिच्या शिडीला एक पायरी कमी पडत होती. दोन माणसं बसतील असा बाक झाला. सिग्नलचा हात वरखाली होऊ लागला. सिस्टरच्या हरवलेल्या डुलाचा जोडीदार घंटा म्हणून टांगला. दारात पांढऱ्या गणवेशातला बोटभर मास्तर, फोटोत होता तसाच हातात हिरवा झेंडा घेतलेला. आणि सगळ्याला वळसा घालणारा रूळ, त्यावर निळं इंजिन आणि तीन डबे, बटण दाबलं की धावणारे. शेवटी फलाटाच्या पुढच्या कडेवर त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी टेकवून ठेवली आणि तीवर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, खरी नक्कल. तारीख, सही.

सिस्टरने हे सगळं येता-जाता पाहिलं होतं. तिच्या आठवणीतलं स्टेशन थोडं वेगळं होतं म्हणे. पण तिथून बदली झाली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि शिवाय नवऱ्याचं बहुतेक सगळंच थोडं वेगळं असतं, हे तिने आता गृहीत धरलं आहे.

वाढदिवस रविवारी होता. शनिवारी दुपारी साहेब कचेरीत होते आणि सिस्टरला सुट्टी होती. तिने पुसायला म्हणून टेबल जरा सरकवलं, तर स्टेशनचं छप्पर घसरलं. तिने ते उचलून जागेवर ठेवलं. बोट लावून पाहिलं, तर हलत होतं. टाकीला लावलं, टाकीही हलत होती. पेशंट रविवारी हॉलमध्ये हलवायचा आहे आणि त्याचं एकही हाड धड नाही, हे बघून ती सरळ माझ्या दारात आली आणि डिंक आहे का म्हणाली. डिंक नव्हता. आमच्या ह्यांची चपलांचे तळ चिकटवायची ट्यूब होती, ती मी दिली. (स्टेशन मोठं होतं. दोन दिल्या.)

संध्याकाळी साहेब आले तेव्हा सिस्टर हात धूत होती. आता भूकंप झाला तरी काही होणार नाही, असं तिने सांगितलं. साहेबांनी टाकीला बोट लावलं. मग सिग्नलला, मग बाकाला. विटांच्या शौकिनांत गोंद लावणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. वीट ही निघण्यासाठीच असते, चुकलं तर काढायचं आणि पुन्हा लावायचं, सगळी मजा त्यातच. साहेब खुर्चीवर बसले. सिस्टरचा चेहरा इतका समाधानी होता, की ते नुसतं बरं केलंस म्हणाले. आणि मनाशी त्यांनी असाही हिशोब केला, की आता त्यात बदलायचं तरी काय राहिलंय.

रविवारी मास्तर पाचला चार मिनिटं कमी असताना जिना चढून आले, आमच्या मजल्यावर घड्याळ बघत उभे राहिले, आणि बरोबर पाचला त्यांनी बेल दाबली. (मी दाराच्या भिंगातून बघत होते.) मग मलाही बोलावणं आलं. केक कापून झाला आणि साहेबांनी स्टेशनवरची चादर ओढली.

मास्तर पुढे झाले. चष्मा बदलला. टेबलाभोवती एक फेरी मारली, मग उलट बाजूने एक. बोटभर मास्तराकडे वाकून बघितलं.

"मी झेंडा डाव्या हातात धरत नसे," ते म्हणाले.

साहेब म्हणाले, फोटोत तसंच आहे.

"आणि टाकी ह्या अंगाला नव्हती. गाडीही इकडून यायची नाही."

बावीस वर्षांची नोकरी पाठीशी असलेल्या माणसाने असल्या प्रसंगी जे करावं तेच साहेबांनी केलं. मूळ दस्त सादर केला. मोबाइल मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाले, बाबा, तुम्हीच ताडून बघा. मास्तरांनी बघितलं आणि ते बुचकळ्यात पडले. आपण तेहतीस वर्षं नोकरी केली ती कुठल्या हाताने, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. तेवढ्यात सिस्टरने वडिलांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"अहो, तुमचा तीळ उजव्या गालावर कधीपासून?"

साहेबांचा हात आपल्या डाव्या गालाकडे गेला. तीळ तिथेच होता. फोटोतला मात्र उजव्या गालावर होता. स्वतःचा फोटो काढायचा जो पुढचा कॅमेरा असतो, तो त्यांच्या मोबाइलमध्ये आरशासारखा फोटो ठेवत होता, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. चार महिने त्यांनी शिडीच्या पायऱ्या मोजल्या, छपराच्या ओळी मोजल्या, आणि फोटोत एक तृतीयांश जागा अडवून बसलेल्या स्वतःच्या गालाकडे एकदाही बघितलं नाही.

साहेब पुढे झाले, टाकी तरी निदान त्या बाजूला लावतो म्हणाले, आणि त्यांनी टाकी धरून वर ओढली. टाकी निघाली नाही. टाकीबरोबर इमारत, फलाट, बाक, सिग्नल आणि रूळ असं आख्खं स्टेशन टेबलावरून वीतभर वर उचललं गेलं. सिस्टर खिडकीबाहेर बघू लागली. मीही बघू लागले.

"आमच्या खात्याने इतकं पक्कं बांधकाम कधी केलं नाही," मास्तर म्हणाले.

साहेबांनी स्टेशन हळूच खाली ठेवलं. आता ठीक आहेसुद्धा मिळायचं नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. चादर उचलून ते पुन्हा झाकायला लागले तर मास्तरांनी हाताने थांबवलं आणि घरात मोठा आरसा आहे का म्हणून विचारलं.

बेडरूममधल्या भिंतीवरचा आरसा उतरवला. एक टोक सिस्टरने धरलं, एक मी. (म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं नीट माहीत आहे.) मास्तरांनी खुर्ची टेबलाला पाठ करून ठेवली, तीवर ते ताठ बसले, आरसा थोडा डावीकडे घ्या, थोडा खाली, असं करत आम्हाला बरोबर जागेवर आणलं, आणि आरशात बघत राहिले. टाकी आपल्या अंगाला गेली होती. झेंडा उजव्या हातात आला होता.

"सोडा गाडी," ते म्हणाले.

साहेबांनी बटण दाबलं. निळं इंजिन निघालं आणि आरशात ते हव्या त्याच बाजूने आलं. मास्तरांचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर गेला, कोपरापर्यंत, आणि तीन डबे जाईपर्यंत तसाच राहिला. गाडीने सात फेऱ्या मारल्या. आमचे हात भरून आले, पण आरसा खाली ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. मधेच मास्तर सिस्टरला म्हणाले, त्या बाकावर तुझी आई डबा घेऊन बसायची. दुपारची गाडी गेल्याशिवाय मी जेवत नसे, म्हणून तीही जेवत नसे. सिस्टरने आरसा धरलेल्या हातानेच डोळे पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा स्टेशन क्षणभर कलंडलं.

मग मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाच चाळीस झाले होते.

"छान," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "चाळीस मिनिटं लेट. पण छान."

नक्कलसाहेबांनी चष्मा काढला. पुसायला लागले, पण पुसून होईना. सोळा वर्षांची वाट बघून आलेला शब्द तो, पुन्हा एकदा ऐकावा म्हणून ते मास्तरांच्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, बाबा, आता सगळं बरोबर आहे ना? काही राहिलं असेल तर सांगा.

मास्तर आरशात वाकून बघू लागले. टाकी बघितली, सिग्नल बघितला, घंटा बघितली. मग त्यांची नजर फलाटाच्या पुढच्या कडेवर येऊन थांबली.

"सगळं सरळ आहे, जावईबापू," ते म्हणाले. "ही तुमची पट्टी तेवढी उलटी आहे."

साहेबांनी बघितलं. खरंच. आख्ख्या आरशात स्टेशन जसंच्या तसं उभं होतं, आणि त्याच्यासमोर त्यांच्या सुवाच्य अक्षरातलं खरी नक्कल, तारीख आणि सहीसकट, उलटं दिसत होतं. बाकी सगळं फोटोवरून बांधलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्याने केली होती. ते घाईघाईने टेबलाशी गेले आणि पट्टीच्या कोपऱ्यात नख घालून ती उचकटायला लागले.

"उगीच नख मोडून घ्याल," सिस्टर आरशामागून म्हणाली. "ती नुसती टेकवलेली होती, म्हणून तिला मी दोनदा लावलंय."