सोड्यांचा दाखला

तपासणीला आलेल्या ऋतिकाने मनुबाईच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात घेतला नाही, आणि सगळं बिनसलं ते तिथून.

पोरगी तशी गोड होती. थळच्या पुढच्या त्या कोळीवाड्यातल्या बचत गटाचे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, थेट जर्मनीला जायचे होते, आणि ते जाण्याजोगे आहेत की नाहीत हे ठरवायला ना कलेक्टर येणार होता, ना खात्याचा कुणी साहेब. तिकडच्या कंपनीनं पैसे देऊन नेमलेली ही चोवीस वर्षांची पोरगी ते ठरवणार होती. तिनं कोलंबी सोलणाऱ्या बायकांची नखं पाहिली, वाळवणाच्या जाळ्या पाहिल्या, मांजर कुठं झोपतं तेही विचारून घेतलं. सगळीकडे बरोबरची खूण झाली. मग मनुबाई पान वाढायला उठली.

"नको मावशी, आम्हाला अलाऊड नाही. चहासुद्धा नाही."

"पानी त घेशील?"

"माझी बाटली आहे ना."

आता मनुबाईच्या दारातून आजवर कुणी कोरड्या तोंडानं गेलेलं नव्हतं. मोजणीवाले गेले नव्हते, मतं मागणारे गेले नव्हते, वीज तोडायला आलेला माणूससुद्धा आधी जेवला होता आणि मग खांबावर चढला होता. तिला काही हे सोसेना. ऋतिका हात धुवायला मागे गेली तेवढ्यात मनुबाईनं तिच्या बॅगेत किलोभर सोडे कोंबले आणि चेन लावून टाकली.

तिसऱ्या दिवशी सुनेच्या, अमिषाच्या, मोबाईलवर कंपनीचं पत्र आलं. अमिषानं ते दोनदा वाचलं.

"आई, तुम्ही त्या मॅडमना सोडे दिले?"

"न देऊन कसा चालंल? पावणी व्हती घरान."

"त्यांनी त्याला लाच म्हटलंय. ऑर्डर थांबवली."

बारा बायकांनी दोन वर्षं घासून ही ऑर्डर मिळवली होती, नवी शेड उभारली होती, आणि मनुबाईच्या पाहुणचारानं त्यावर पाणी पडत होतं. तिला रडूच फुटलं. अमिषानं लगोलग कंपनीला कळवलं, की बाबांनो, ही आमच्याकडची रीत आहे. उत्तर आलं: रीत असेल तर आमची हरकत नाही, पण एखाद्या सरकारी अधिकाऱ्यानं स्वतःच्या अनुभवावरून तसं लिहून द्यावं.

"सरकारचा कागद ना?" मनुबाईनं डोळे पुसले. "मंग भाऊसाहेब हायेत की."

भाऊसाहेब म्हणजे सजेचे तलाठी. एके काळी त्यांच्या दारात माणसं सकाळपासून ताटकळायची. आता सातबारा मोबाईलवर, दाखले पोर्टलवर, आणि भाऊसाहेब एकटेच पंख्याखाली. सासूसुना दारात दिसताच ते उठूनच उभे राहिले.

"या, या. बसा. चहा सांगू?"

परदेशातल्या कंपनीला आपला शब्द हवाय म्हटल्यावर तर त्यांची छाती फुगली. झरझर लिहायला घेतलं, 'या भागात पाहुण्यास सोडे देण्याची रीत आहे, हे मला ठाऊक आहे.'

"कसं ठाऊक आहे, तेही लिहायचंय," अमिषा म्हणाली. "स्वतःचा अनुभव."

पेन थांबलं. गेली बारा वर्षं दर शिमग्याला भाऊसाहेब मनुबाईच्या दारातून किलोभर सोडे घरी नेत होते.

"मनुबाई, हे लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"का बरां? लाच व्हती का ती?"

"छे, छे."

"मंग लिवा की."

भाऊसाहेबांना पंख्याखाली घाम फुटला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी कपाटाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. सगळ्यात खालच्या कप्प्यातून त्यांनी एक पिवळी पडलेली फाइल ओढून काढली, धूळ झटकली आणि सलग लिहून काढलं:

'सदर महिलेकडून मी बारा वर्षे दर शिमग्याला सोडे स्वीकारत आलो आहे. सदर काळात मी तिचे एकही काम केलेले नाही. नवऱ्याच्या पश्चात घराच्या जागेवर नाव लावण्याचा तिचा अर्ज अद्याप माझ्याच कपाटात प्रलंबित असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. सबब, सदर सोडे ही लाच नसून निव्वळ पाहुणचार होय.'

खाली सही आणि ठसठशीत गोल शिक्का.

जर्मनीवाल्यांचं एका दिवसात समाधान झालं. इतका भक्कम पुरावा आम्ही कुठल्याच देशात पाहिला नाही, असं त्यांनी कळवल्याचं ऋतिकानं फोन करून सांगितलं. महिन्याभरात सोडे न्हावाशेवाहून बोटीत चढले. बाराही बायका खूश, अमिषा खूश, आणि मनुबाईला तर वाड्यातून मिरवावंसं वाटत होतं.

शिमगा आला. भाऊसाहेब नेहमीप्रमाणे मनुबाईच्या दारी आले, खिशात कापडी पिशवी घडी करून. मनुबाईनं पुरणपोळी दिली, चहा दिला, दर्यावरच्या गप्पा झाल्या. चहा संपून बराच वेळ झाला तरी भाऊसाहेब उठेनात.

"मनुबाई, यंदा सोडे... कमी निघाले का?"

"भरपूर निघाले. पन यंदा तुमी माजा काम केलंत ना भाऊसाहेब. आता दिले त लाच व्हईल."

बारा वर्षांत पहिल्यांदा भाऊसाहेबांच्या हातून काम झालं होतं, ते असं अंगाशी आलं. जड पावलांनी ते अंगणापर्यंत गेले आणि परत फिरले.

"पण तो नाव लावायचा अर्ज," ते हळूच म्हणाले, "तो अजून कपाटातच आहे."

मनुबाईनं क्षणभर विचार केला. बोलणं काही खोटं नव्हतं. तिनं आत हाक मारली.

"अमिषा, भाऊसाहेबांना अर्धा किलो बांध गो."