मिस्त्रींनी लावलेलं जग

"कपाट हलवावं लागेल का?" भिंतीवर जगाचा नकाशा लावायचा ठरल्यावर बारकीच्या आईने एवढंच विचारलं.

"इथे अख्खं जग लावायचंय आणि तू कपाटाचं काय घेऊन बसलीस!" मिस्त्री म्हणाले आणि मुकाट्याने कपाट हलवायला लागले.

मिस्त्रींचा धंदा भिंतींना वॉलपेपर लावण्याचा. फुलाफुलांचा, रेघांचा, विटांसारखा दिसणारा, कसलाही कागद असो, मिस्त्रींनी तो लावला की सांधा शोधायला भिंग लागायचं. कागद चिकटवायची खळ ते घरीच शिजवायचे आणि तिच्यात काय घालतात हे बायकोलाही सांगायचे नाहीत. "मी लावलेला कागद काढायचा असेल तर आधी भिंत पाडा," असं ते गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगत. एकदोन गिऱ्हाइकांवर खरोखरच तशी पाळी आली होती.

बारकी ही त्यांची लेक. उंचीने ती बापाच्या पुढे गेली होती, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. तिला मोठेपणी जहाजावर जायचं होतं. त्यासाठी अकरावीत भूगोलाच्या खास वर्गात प्रवेश हवा होता, आणि तिथेच सगळं अडलं होतं. सराव परीक्षेत तिने इजिप्त उचलून दक्षिण अमेरिकेत नेऊन ठेवला होता, आणि नॉर्वे शोधता शोधता घंटा झाली होती.

"अगं, वर्गात मी समुद्राचे प्रवाह शिकवणार," भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, "आणि तू अजून समुद्रच शोधतेयस. सुट्टीत जग नीट बघून ये. सुट्टी संपली की तोंडी परीक्षा घेईन. जमलं तर वर्गात, नाहीतर दुसरा विषय."

हे ऐकल्यावर बारकी दोन दिवस नीट जेवली नाही. मिस्त्रींना मात्र यात रडण्यासारखं काहीच दिसेना.

"पुस्तकातलं जग तळहाताएवढं. त्यात कुणाला काय दिसणार?" ते म्हणाले. "भिंतभर जग आणतो. उठता-बसता दिसलं पाहिजे. बघ कसं पाठ होत नाही ते!"

नकाशा नऊ पट्ट्यांत आला. मिस्त्रींनी ते जमिनीवर ओळीने मांडले आणि कमरेवर हात ठेवून धंद्याच्या नजरेने पाहिले. कागद लावायला सुरुवात खिडकीपासून करायची आणि शेवट दाराशी, हा त्यांचा नेम. दाराजवळ होता स्विचबोर्ड. मांडल्या क्रमाने लावत गेलं तर स्विचबोर्ड नेमका न्यूझीलंडवर येत होता.

"न्यूझीलंड कापावं लागणार," ते पुटपुटले.

"अहो, त्यात माणसं राहतात," आई म्हणाली.

मिस्त्रींना माणसांपेक्षा नमुन्याची काळजी होती. कापाकापी नेहमी साध्या रंगावर यावी, फुलावर येऊ नये, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाळलं होतं. ते जमत नसेल तर पट्टे पुढेमागे करायचे. वॉलपेपरचा नमुना फिरून फिरून तोच येतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी डावीकडचे चार पट्टे उचलले आणि उजव्या टोकाला नेऊन ठेवले. आता स्विचबोर्ड कसा छान निळ्या पाण्यात पडत होता. शिवाय एका पट्ट्यावर अर्धवट कापलेलं रशियाचं शेपूट शेजारी आलेल्या पट्ट्यावरच्या तुकड्याला चपखल बसलं. नमुना जुळला म्हणजे काम बरोबर. मिस्त्रींनी खळ ढवळली आणि संध्याकाळपर्यंत जग चिकटवून टाकलं.

सुट्टीभर बारकी त्या भिंतीसमोर बसून राहिली. तिचा भूगोल हळूहळू घरातल्या सामानाला धरून पक्का होत गेला. खिडकीशी आफ्रिका, परत जागेवर सरकवलेल्या कपाटाच्या डोक्यावर रशिया, खुर्चीच्या पाठीशी ऑस्ट्रेलिया, मग मोठा समुद्र आणि पलीकडे दाराच्या बाजूला दोन्ही अमेरिका. दिवा लावायचा म्हणजे अटलांटिकमध्ये बोट घालायचं. "बाबा, चिली विचारा. बाबा, आइसलँड विचारा," म्हणून ती मिस्त्रींच्या मागे लागे. मिस्त्री आधी भिंतीजवळ जाऊन चष्म्यातून शोधत आणि मगच विचारत. पोरीचा चेहरा फुललेला बघून त्यांना सगळ्याचं सार्थक वाटे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बारकीचे काका आले. काकांचं प्रवासाची तिकिटं काढून देण्याचं दुकान, त्यामुळे जग आपल्याच गल्ल्यावरून ये-जा करतं अशी त्यांची समजूत. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला, भिंतीकडे पाहिलं आणि त्यांना ठसका लागला.

"दादा, हे काय करून ठेवलंस? अमेरिका डावीकडे असते!"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या जगाने सांगितलंय! माझ्या दुकानात नकाशा आहे. डावीकडे अमेरिका, मध्ये युरोप, उजवीकडे जपान. तू तर सगळा पसारा उलटापालटा केलास. पोरगी नापास होणार!"

बारकीचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रींना मात्र हार मानायची सवय नव्हती. "त्यात काय! काढून परत लावतो," म्हणत त्यांनी स्टूल घेतलं आणि दाराकडचा वरचा कोपरा ओला करून नखाने उचलला. खळीने आपलं ब्रीद राखलं. मिस्त्रींनी जोर लावला तेव्हा कागदाचा एक तुकडा टरकन फाटून हातात आला. बाकी जग जागचं हललं नाही.

"काय फाटलं?" आईने विचारलं.

"ग्रीनलंड," बारकी रडक्या आवाजात म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींना आपल्या खळीचा राग आला. काकांनी मग सूत्रं हाती घेतली. "दाराकडे दिसतं ते सगळं खिडकीकडे आहे असं समज. सोपं आहे!" पण ते सोपं नव्हतं. पेरू विचारलं की बारकी आधी दाराकडे वळे, मग खिडकीकडे, आणि शेवटी स्वयंपाकघराकडे बोट दाखवी. सुट्टीभर जमवलेलं जग पोरीच्या डोक्यातून भराभर निसटत होतं आणि तिघं मोठी माणसं तिला आणखी गोंधळात पाडत होती. ती न जेवताच झोपली.

सकाळी मिस्त्री तिच्याबरोबर शाळेत गेले. बाई दिसताच त्यांनी हात जोडले. "बाई, चूक माझी आहे. जग मी उलटंपालटं लावलं. शिक्षा करायची तर मला करा, पण पोरीला वर्गात घ्या."

बाईंना यातलं ओ की ठो कळलं नाही. "तुम्ही दारात थांबा. आधी मी तिला विचारते," त्या म्हणाल्या.

टेबलावर नकाशा नव्हताच. पृथ्वीचा गोल होता. बाईंनी त्यावर पातळ कापड टाकलं होतं. "आधी मनाने सांगायचं, मग कापड काढून बघायचं," त्या म्हणाल्या. "जपानहून जहाज निघालं. पूर्वेकडे सरळ चाललंय. किनारा कुठे लागेल?"

परीक्षेला बारकीच्या आधी आलेल्या मुलाने याच प्रश्नावर जहाज उलटं फिरवून आशिया, युरोप ओलांडत अमेरिकेला नेलं होतं. त्याच्या आधीची मुलगी म्हणाली होती, "कुठेच नाही. तिथे नकाशा संपतो."

बारकीने डोळे मिटले. काकांचं सूत्र आठवायचा प्रयत्न केला, ते आठवेना. आठवली ती घरची भिंत. कपाटाच्या पुढे, खुर्चीच्या वर जपान. तिथून मोठा समुद्र. मग दार.

"अमेरिका," ती म्हणाली. "वाटेत खालच्या बाजूला हवाई बेटं राहतील. आणि थोडं वरून गेलं तर अलास्का. तिथे रशिया अगदी शेजारी आहे, सांध्याला सांधा लागून."

बाईंनी कापड काढलं आणि गोल फिरवला. बारकी बघतच राहिली. तिची भिंत तिच्यासमोर फिरत होती, आणि तिला कुठेही कड नव्हती. मग बाईंनी जे जे विचारलं ते ती सांगत गेली. चिली, नॉर्वे, मादागास्कर, आणि इजिप्तसुद्धा जिथल्या तिथे.

"शाबास! एवढं चांगलं कुणी शिकवलं?"

दारातून मिस्त्री पुढे सरसावले. त्यांची छाती पूर्ववत पुढे आली होती. "मी! मुद्दामच तसं लावलं होतं, बाई. सरळ लावलेल्या नकाशावर पोरांना जग संपतं असं वाटतं. तुमच्या वर्गाची भिंतही करून देतो. एकदा लावलं की पुन्हा बघायला नको."

"शेवटचा प्रश्न," बाई बारकीला म्हणाल्या आणि त्यांनी कापड पुन्हा गोलावर टाकलं. "ग्रीनलंड कुठे आहे?"

बारकी गडबडली. भिंतीवरचा तो पांढरा फाटका कोपरा तिच्या डोळ्यांपुढे आला. ती गोलाकडे वळली, मग दाराकडे. तिथे तिला ग्रीनलंड दिसलं. काल संध्याकाळी फाटून हातात आलेलं ते ओल्या खळीसकट मिस्त्रींच्या सदऱ्याच्या कोपराला चिकटलं होतं. आईने रात्री सदरा धुतला होता, तरी निघालं नव्हतं.

"तिथे," बारकीने बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा सावरून मिस्त्रींचं कोपर नीट न्याहाळलं.

"आकार बरोबर आहे," त्या प्रवेशाच्या कागदावर सही करत म्हणाल्या. "आणि मिस्त्री, वर्गाची भिंत तशीच राहू द्या."