कुंदाताईचं पडणं

माझी आतेबहीण कुंदाताई कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. "चहा टाकू का?" एवढं विचारलं तरी ती आधी खिडकीकडे बघते, मग दाराकडे, मग सावकाश आपल्याकडे, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "अर्धा कप." सासू-सुनेच्या मालिकेत वर्षानुवर्षं सोशिक थोरली सून केल्यावर माणसाचं असं होतं.

तेव्हा आमच्या उरणच्या बाजारात तिचा मोठा मान होता. कोळणी तिला पापलेट स्वस्तात देत आणि वर मालिकेतल्या सासूला शिव्या. "तिला यक दिस बाजारान आन गो, मी बगतंय," असं एकीने तिला मनापासून सांगितलं होतं.

मग मालिकेने थोरल्या सुनेला यात्रेला पाठवलं आणि परत आणलंच नाही. बरेच दिवस घरी बसल्यावर ताईला सिनेमे मिळाले, तेही विनोदी. त्यांत ती चिखलात पडते, हौदात पडते, नवरदेवाच्या अंगावर पडते. दिग्दर्शक म्हणतो, अशी पडणारी बाई दुसरी नाही. सिनेमे चालले. ताई मात्र लाजेने अर्धी झाली.

"ते पात्र आहे, मी नाही," हे तिचं पालुपद. उरणला येताना काळा चष्मा आणि तोंडाला ओढणी असा बंदोबस्त असे, त्यामुळे ज्यांचं एरवी लक्षही गेलं नसतं ते वळून बघत. नाक्यावर तिचं पोस्टर लागलं की ती रिक्षा मिठागरांच्या वाटेने वळवायला लावी. आत्याला तर तिने सांगून ठेवलं होतं, "सध्या गंभीर भूमिका चालू आहेत." आत्याचं आयुष्य मिठागरात गेलेलं. लेक टीव्हीवर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, हे ती गावभर सांगायची.

गेल्या दिवाळीत एका दुपारी टीव्हीवर ताईचा सिनेमा लागला. शेजारणी आत्याच्याच घरात येऊन बसल्या. मीही होतो. सिनेमा ऐन रंगात आला असताना ताई फराळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावरची ताई शिडीवरून थेट म्हशींच्या गोठ्यात कोसळली. हसून हसून शेजारणींची आणि माझी पुरेवाट झाली. मी वळून दाराकडे पाहिलं आणि माझं हसू तिथेच थांबलं. ताई कानापर्यंत लाल झाली होती.

"आई, ते पात्र आहे..."

आत्या हसत नव्हती. तिने मला टीव्ही बंद करायला लावला. शेजारणी एकेक करून उठल्या. आता बोलणी बसणार, अशा समजुतीने ताई मान खाली घालून उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाय, लागला का गो तुला?" आत्याने विचारलं.

ताईला कळेना. "कुठे?"

"त्या शिडीवरशी परलीस तवा."

ताई आत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "लागलं होतं. पण तिकडे असं कोणी विचारत नाही गं. मी पडले की पुन्हा एकदा घेऊ या का, एवढंच विचारतात."

तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. जुना व्रण होता, केव्हाच भरून आलेला. तरी आत्या स्वयंपाकघरातून खोबरेलाची वाटी घेऊन आली आणि त्यावर हलक्या हाताने तेल चोळू लागली.

"आजून कुठं लागलाय?"

ताईने कोपर पुढे केलं.